फाईल कुठं ठेवायची

हे मी संघर्षला विचारून लिहिते आहे. नाव बदलू का, म्हटलं, तर तो म्हणाला, "आता कायले, ताई? ज्याइले कळाचं होतं त्याइले कळून गेलं."

यवतमाळच्या एका महाविद्यालयात तळमजल्याला, जिथं पूर्वी सायकली ठेवत त्या खोलीत आमचा प्रकल्प चालायचा. संघर्ष रुजू झाला त्या दिवशी त्याला खुर्चीसुद्धा नव्हती. हार्ड डिस्कचं एक खोकं उलटं करून तो त्यावर बसला आणि त्यानं पहिला प्रश्न विचारला, "एसी कोठं हाये?"

मी म्हटलं, "माणसांसाठी नाही मिळाला."

"माणसाचं जाऊ द्या. मशीनले लागन."

संघर्ष मूळचा घाटंजीचा. वडील भारतकाका तिथल्या एका शाळेची बस चालवायचे, धाकटी बहीण विशाखा लग्न होऊन त्याच गावात राहायची. हा नागपुरात शिकला, पुण्यात नोकरी केली आणि आईनं फार लकडा लावला म्हणून जिल्ह्यात परत आला. त्याचं लग्न जमवायची आईला घाई होती. तो लहान चणीचा, हसताना तोंडावर हात धरणारा. काम मात्र इतकं जपून करायचा की पाण्याचा ग्लास उचलला तरी आधी तळ पाहील.

प्रकल्प सिकलसेलचा होता. घाटंजी आणि केळापूर तालुक्यांतली गावं, कोलाम आदिवासींच्या वस्त्या म्हणजे पोड, बौद्ध वस्त्या, जिथं जिथं हा रक्ताचा आजार घराघरात आहे तिथं जाऊन आम्ही रक्ताचे नमुने घ्यायचो. लोकांना समजावणं, त्यांची संमती घेणं आणि नंतर निकाल सांगणं हे माझं काम. नमुने बाहेरगावच्या प्रयोगशाळेत जायचे आणि तिथून प्रत्येक माणसाची संपूर्ण जनुकीय माहिती हार्ड डिस्कवर भरून परत यायची. एका माणसाची फाईल एवढी मोठी, की साध्या लॅपटॉपमध्ये दोन माणसं मावत नाहीत. आमच्याकडे शेकडो माणसं होती. ती ठेवायची कुठं आणि वाचायची कुठं, हे ठरवायला संघर्षला आणलं होतं.

तुलनेसाठी निरोगी माणसांचंही रक्त लागतं, म्हणून आम्ही कर्मचाऱ्यांनीही दिलं. मी दिलं, आमच्या प्रमुख डॉ. स्पृहा मॅडमनी दिलं, संघर्षनं दिलं. बाही वर करून हसत हसत दिलं. त्या दिवशी कोणाच्या मनात काही आलं नाही.

उन्हाळा सुरू झाला आणि खोलीतलं मशीन धापा टाकायला लागलं. यवतमाळचं एप्रिलमधलं ऊन आणि दुपारची जाणारी वीज. एक फाईल वाचायला घेतली की तिसऱ्या दिवशी कुठंतरी अर्ध्यावर सगळं बंद पडायचं आणि पुन्हा पहिल्यापासून. डिस्कची खोकी भिंतीला लागून छातीएवढी आली. स्पृहा मॅडम दारात उभ्या राहून म्हणाल्या, "संघर्ष, असं चालणार नाही. दुसरी जागा शोध."

त्यानं जागा शोधल्या. मला त्यातलं कळत नव्हतं म्हणून त्यानं माझ्या भाषेत सांगितलं. एक, सरकारी संगणक केंद्र. जागा मोठी, पण आपला नंबर येईपर्यंत वाट पाहायची आणि वाचायचं काम आपलं आपण करायचं. दुसरी, भाड्याची जागा. फाईल दूरच्या कोणाच्या मशीनवर ठेवायची, आपण जेवढं विचारू तेवढंच ते मशीन सांगणार. तिसरी एक कंपनी होती. ती जागाही फुकट देत होती आणि वाचूनही फुकट देत होती.

"फुकट काहून देतात?" मी विचारलं. संघर्षच्या सहवासात माझ्याही तोंडी वऱ्हाडी यायची.

"थेच तर पाहाचं हाये," तो म्हणाला.

प्रकल्पाला निधी देणाऱ्या संस्थेला ही तिसरी जागा पसंत होती. तिथून स्पृहा मॅडमना रोज विचारणा व्हायची. पण लोकांच्या फाईली चाचणीसाठी बाहेर पाठवायच्या तर त्यांची वेगळी संमती लागली असती. संघर्षनं मग सरळ मार्ग काढला. स्वतःची फाईल घेतली. "माही हाये, मले कोणाले इचाराचं काम नाई," असं म्हणून त्यानं तीच एक फाईल तिन्ही ठिकाणी चढवली.

कंपनीकडे नोंदणी करताना मोबाईलवर त्यांचं अॅप घ्यावं लागलं. त्यानं ते घेतलं. आपण सगळे जशा परवानग्या देतो तशा दोन-चार परवानग्या दिल्या.

भाड्याच्या जागेतून हवं तेवढं उत्तर आलं: सिकलसेलचा दोष नाही. सरकारी केंद्रात फाईल रांगेत पडून होती. कंपनीचा अहवाल मात्र दुसऱ्याच दिवशी आला, रंगीत, पानंच्या पानं. मी समोर बसून गावांच्या भेटींचं ठरवत होते. संघर्ष पडद्याकडे पाहत होता. मग तो उठला, खिडकी बंद केली, परत येऊन बसला. इतक्या उकाड्यात कोणी खिडकी बंद करत नाही, म्हणून मी मान वर केली.

"ताई," तो म्हणाला, "तुम्ही लोकाइले वाईट कसं सांगता?"

मला वाटलं, एखाद्या पोडावरच्या घराचा निकाल वाईट आला. मी म्हटलं, "आधी विचारते, ऐकायचं आहे का म्हणून. हो म्हणाले तर बसवते, घरचं एखादं माणूस सोबत घेते. मग सांगते."

"अन् कोणी इचारलंच नाई तर?"

"तर सांगत नाही. न विचारलेलं सांगायचा आपल्याला हक्क नाही, संघर्ष."

त्यानं मान हलवली आणि लॅपटॉप मिटला.

पुढचे काही दिवस तो उशिरापर्यंत खोलीत थांबला. खोलीतल्या मशीनवर स्वतःचीच फाईल पुन्हा लावली, अहवालानं दाखवलेली एकच जागा तपासली. नंतर एक दिवस रजा टाकून नागपूरला जाऊन आला. परत आल्यावर स्कूटर स्टँडजवळच्या कडुनिंबाखाली त्यानं मला थांबवलं आणि सांगितलं.

शरीराचा तोल सांभाळणारा मेंदूचा भाग हळूहळू झिजवणारा एक आनुवंशिक आजार असतो. तीन अक्षरांचा एक तुकडा जनुकात जितक्या वेळा यायला हवा त्याहून जास्त वेळा येतो, बस, एवढीच चूक. चालताना झोक जातो, जीभ जड होते, डोळे एका जागेवरून दुसरीकडे सावकाश वळतात. शेवटी माणूस अंथरुणाला लागतो. औषध नाही. ती चूक संघर्षच्या फाईलमध्ये होती. नागपूरच्या तपासणीनंही तेच सांगितलं.

"हे आईकडून का बाबांकडून?" मी विचारलं.

"माह्या आज्याचं नाव उकंडा," तो म्हणाला. "छप्पन साली नागपूरले जाऊन दीक्षा घेतली त्यानं. दारूले शिवणार नाई म्हणून शपथ घेतली. अन् पन्नाशीनंतर झोकांड्या खात चालाले लागला. बोललं की शब्द लटपटे. सारं गाव म्हणे, उकंडा चोरून पेते. बुद्धइहारातून परत धाडत त्याले. बाबा तेव्हा शाळेत होते. बाबाइले अजून राग हाये त्याचा. फोटोसुद्धा नाई घरात."

तो पुढे म्हणाला, "थो पेत नव्हता, ताई."

मग त्यानं जे सांगितलं त्यानं मला जास्त भीती वाटली. गेल्या दिवाळीपासून भारतकाकांच्या हातून चहाची बशी निसटते. अंगणात चपला घालताना ते भिंत धरतात. आणि रोज सकाळी ते शाळेची बस काढतात.

त्या शनिवारी संघर्ष घाटंजीला गेला आणि शाळा सुटल्यावर वडिलांच्या बसमध्ये, त्यांच्या शेजारच्या सीटवर बसला. मुलं मागे गोंधळ घालत होती. काका खुशीत होते, मुलगा कित्येक वर्षांनी बसमध्ये बसला होता. संघर्ष रस्ता पाहत नव्हता, वडिलांचे डोळे पाहत होता. डावीकडून बैलगाडी निघाली. काकांनी मान वळवली, पण डोळे मागाहून आले. ब्रेक लागला, गाडी थांबली, बैलाच्या शिंगापासून हातभर अंतरावर. मुलं हसली. काका म्हणाले, "पाह्यलं? ब्रेक कसा लागते माहा." पुढे नाल्यावरच्या अरुंद पुलावर बसचा मागचा भाग कठड्याला घासत गेला. पत्र्याचा आवाज पूल संपेपर्यंत येत राहिला. काकांना तो आवाज ऐकू आला नाही, की त्यांनी ऐकून न ऐकल्यासारखं केलं, हे संघर्षला कळलं नाही.

घरी आल्यावर त्यानं किल्ली मागितली.

"काहून?"

"बाबा, सोमवारी गाडी काढू नोका. तुमचे डोळे दाखवू नागपूरले."

"माहे डोळे चांगले हायेत."

"मी हात जोडतो," संघर्ष म्हणाला. मुलानं कधी हात जोडले नव्हते. काकांनी किल्ली चौकटीच्या खिळ्याला अडकवली. सोमवारी शाळेनं दुसरा ड्रायव्हर लावला.

नागपूरच्या डॉक्टरांनी काकांना एका रेषेवर चालायला सांगितलं. बोटानं नाकाला आणि मग डॉक्टरांच्या बोटाला शिवायला सांगितलं. रक्त तपासलं. निकाल आला तेव्हा त्यांनी स्वच्छ शब्दांत सांगितलं. काकांनी एकच प्रश्न विचारला, "हे बापाकडून येते का?"

"तुमच्या वडिलांना असा त्रास होता?"

काका उठले. परतीच्या वाटेवर कळंबला चहाला थांबले तेव्हा कपाला दोन्ही हात लावून ते म्हणाले, "सातवीत होतो मी. थो आंगणात पडला. मी जवळ गेलो अन् त्याचं तोंड हुंगलं. लोक पाहून राह्यलते. वास नव्हता कायचाच. तरी मी लोकाइकडून बोललो." त्यांचे हात कपावर हलत होते. "मले तेव्हाच समजलतं बाप्पा. वास नव्हता."

संघर्षनं घरच्यांना एवढंच सांगितलं, की बाबांना हा आजार आहे. स्वतःची फाईल त्यानं सांगितली नाही. विशाखाला डॉक्टरांनीच समजावलं की मुलांमध्ये हा येण्याची शक्यता निम्मी असते, हवं तर तपासून घ्या. तिची मुलगी चार वर्षांची होती. विशाखा म्हणाली, "मले नाई माहीत कराचं. जवा येईन तवा येईन." संघर्षकडे वळून तिनं विचारलं, "तू करशीन का, दादा?" तो म्हणाला, "पाहू." आईनं आणलेली स्थळं मात्र तो एकेक करून नाकारत गेला. मुलगी शिकलेली नाही, मुलगी फार शिकलेली आहे, काहीही कारण. आई माझ्याकडे तक्रार करायची, "मंजुषाबाई, तुम्ही तरी सांगा याले." मी काय सांगणार होते? डॉक्टर एक वाक्य बोलून गेले होते, ते मला आणि संघर्षला ठाऊक होतं. हा आजार पिढीगणिक थोडा लवकर येतो.

इकडे प्रकल्पाचा निर्णय व्हायचा होता. निधीवाल्या संस्थेचे साहेब पडद्यावर आले आणि म्हणाले, कंपनीचं निश्चित करा, बाकीच्या जिल्ह्यांनी केलं सुद्धा. स्पृहा मॅडम आधीच थकल्या होत्या. त्यांनी संघर्षला विचारलं, "तुझी चाचणी झाली ना? काय अडचण आहे?"

"मॅडम, आपल्याले इचारू तेवढंच सांगणारी जागा पाहिजे. हे कंपनी सारं वाचते. आपण सिकलसेलसाठी रक्त घेतलं लोकाइचं. बाकीचं वाचाची परवानगी नाई घेतली."

पडद्यावरचे साहेब हसले. "जास्त माहिती मिळाली तर बिघडलं कुठं? लोकांचं भलंच होईल."

"झालं नाई," संघर्ष म्हणाला.

स्पृहा मॅडमनी त्याच्याकडे पाहिलं. मग माझ्याकडे. त्यांनी साहेबांना, नंतर कळवते, म्हणून पडदा बंद केला. "कोणाची फाईल होती चाचणीला?"

"माही."

त्या उठल्या. खुर्ची जवळ ओढून त्याच्या शेजारी बसल्या. मग म्हणाल्या, "भाड्याला पैसे नाहीत. सरकारी केंद्राचं पत्र तयार कर. कितीही वेळ लागू दे."

तसंच झालं. फाईली कुलूप लावून सरकारी केंद्रात गेल्या, कुलपाची किल्ली आमच्याकडे राहिली. नावं आणि गावं फाईलसोबत गेलीच नाहीत. वाचायचं काम खोलीतल्याच मशीनवर, फक्त सिकलसेलच्या जागेपुरतं, मुंगीच्या पावलानं. अहवाल उशिरा गेला आणि प्रकल्पाचा दुसरा टप्पा आम्हाला मिळाला नाही. पण त्या शेकडो माणसांना न विचारलेलं कोणी सांगितलं नाही, एवढं मी खात्रीनं सांगू शकते.

संघर्षनं कंपनीला लिहिलं, माझी फाईल पुसून टाका. उत्तर सभ्य होतं. तुमची मूळ फाईल पुसली आहे. तिच्यापासून मिळालेले निष्कर्ष अटींनुसार आमच्याकडे राहतील. त्यानं पुन्हा लिहिलं. तेच उत्तर पुन्हा आलं, शब्दही न बदलता. तिसऱ्यांदा उत्तर आलं नाही.

पावसाळा संपता संपता त्याला एक फोन आला. गोड आवाजाची बाई, हिंदीमिश्रित मराठी. "सर, आपल्या अहवालावरून कुटुंबातल्या सदस्यांसाठी सवलतीत तपासणी आहे. आपले भाऊ-बहीण असतील ना?"

"कोणी नाई," संघर्ष म्हणाला आणि फोन ठेवला. माझ्यासमोर ठेवला. मग त्यानं मोबाईलमधली नंबरांची यादी उघडली आणि मला म्हणाला, "ताई, अॅप घेतलं तवा त्यानं मले इचारलतं. फोनमधले नंबर पाहू का म्हणून. मी हो म्हणलं वाटते." नंबर कसे साठवले होते ते त्यानं मला दाखवलं. आई. बाबा. विशाखा बहीण.

विशाखाचा फोन यायला फार दिवस लागले नाहीत. तिनं आरडाओरडा केला नाही. एवढंच विचारलं, "दादा, एका बाईचा फोन आलता. म्हणे, तुमच्या भावाच्या अहवालात जे निंघालं त्यासाठी तुम्ही तपासून घ्या. तुह्या कोणत्या अहवालात काय निंघालं?"

संघर्ष म्हणाला, "येतो मी." मला म्हणाला, "तुम्ही येता का? तुम्हाले सांगता येते."

आम्ही गेलो. विशाखाच्या घरी समोरच्या खोलीत आई, काका, विशाखा बसले होते. काकांच्या हातात काठी आली होती. मी नेहमीसारखं सुरू करणार होते, ऐकायचं आहे का, म्हणून. ते शब्द तिथं निरर्थक होते. कोणीतरी आधीच सांगून गेलं होतं. संघर्षनं स्वतःच सांगितलं, चार वाक्यांत.

आईला समजायला वेळ लागला. समजलं तेव्हा ती मुलाकडे न बघता नवऱ्याकडे बघायला लागली. काका म्हणाले, "माह्याकडून गेलं."

"तुमच्याकडून नाई, बाबा. कोणाकडूनच नाई."

"मंग थे स्थळं..." आई म्हणाली आणि थांबली.

विशाखा उठून आत गेली. थोड्या वेळानं मुलीला कडेवर घेऊन बाहेर आली आणि भावाच्या शेजारी, त्याच्या खांद्याला खांदा लावून बसली. "मले माहं सांगू नोको," ती म्हणाली. "कधीच. तुले समजलं तरी नोको सांगू."

"मले नाई माहीत तुहं."

"त्या फोनवाल्याइले माहीत असंन का?"

खरं उत्तर कोणालाच ठाऊक नव्हतं.

त्याला दोन वर्षं होत आली. संघर्ष अजून आमच्याच खोलीत काम करतो, आता दुसऱ्या एका प्रकल्पाचं. त्याची चाल चांगली आहे, हात स्थिर आहे. त्यानं तक्रारी केल्या, सायबर पोलिसांकडे गेला. तिथल्या अधिकाऱ्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "यात चोरीला काय गेलं म्हणता?" काका खुर्चीला खिळले आहेत. त्यांनी शोधून उकंडाआज्याचा एक फोटो मिळवला, कोणा नातेवाइकाच्या लग्नातला, त्यातून चेहरा मोठा करून घेतला आणि बुद्धाच्या तसबिरीखाली लावला.

विशाखानं नंबर बदलला. नवा नंबर तिनं घरच्यांशिवाय कोणाला दिला नाही. आईनं तो आपल्या फोनमध्ये नातीच्या नावानं साठवला. गेल्या महिन्यात त्यावर फोन आला. आवाज दुसरा, कंपनीचं नावही दुसरंच. त्या बाईनं मुलीचं नाव घेतलं आणि विचारलं, "आता ती किती वर्षांची झाली?"